अरे, म्हणायचंय काय तुला?

१९ ऑगस्ट २०२५ ची सकाळ. बाहेर पाऊस, बाथरूमपुढे नेहमीची लाईन, आणि आमच्या विंगमधल्या अर्ध्या पोरांच्या स्टेटसवर एकच चेहरा. वर्गात उभा असलेला, पार वैतागून गेलेला प्रोफेसर आणि खाली चार शब्द - 'कहना क्या चाहते हो?'

आदल्या दिवशी ठाण्यात अच्युत पोतदार गेले होते.

खरं सांगायचं तर हे नाव आमच्या विंगमधल्या बहुतेकांना त्या दिवशीच कळलं. चेहरा मात्र सगळ्यांना पाठ! 'थ्री इडियट्स' २५ डिसेंबर २००९ ला आला तेव्हा आम्ही बालवाडीत होतो. पण पिक्चर आम्ही कधी बघितला असं विचारू नका, तो आमच्यात आपोआपच उतरला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की पेढ्यांबरोबर हा पिक्चर पुन्हा एकदा बघायचा, हा आता जवळजवळ विधी झालाय. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात सीनिअर्स तो परत दाखवतात. त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांनाच वाईट वाटलं. मीही स्टेटस ठेवलं. हसणाऱ्या चेहऱ्याची एक इमोजी, हात जोडलेली एक इमोजी, झालं. श्रद्धांजली संपली, ब्रश घेऊन लाईनीत उभा राहिलो.

तेवढ्यात घरून फोन आला. आजी होती. आजी सकाळी फोन करत नाही. माझ्या पोटात धस्स झालं.

"अरे, अप्पा गेले रे आपले!"

क्षणभर मला कळेना कोण अप्पा. आमच्या घरात कुणी अप्पा नाहीत. मग डोक्यात प्रकाश पडला. २०२० साली झी मराठीवर 'माझा होशील ना' सुरू झाली होती. मी तेव्हा नववी-दहावीच्या मध्ये लटकलेलो, लॉकडाऊन, घरात एक मोबाईल आणि एक टीव्ही. संध्याकाळी टीव्ही आजीचा. त्या मालिकेतल्या घरात सगळे पुरुषच, मामाच मामा, आणि त्यांच्यावर वडीलधारे अप्पा. ते अप्पा म्हणजे अच्युत पोतदार. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचं वय पंचाऐंशी! आजी त्यांच्यापेक्षा लहान, पण त्यांना बघून म्हणायची, "बघ, या वयात कसे ताठ उभे राहतात. आणि तू सारखा लोळत असतोस." आजीचे ते अप्पा आणि आमचा तो प्रोफेसर एकच, हे तिला मी त्या सकाळी फोनवर सांगितलं तर तिला पटेना. "ते कशाला कुणावर ओरडतील?" म्हणाली.

मग फोन वडिलांनी घेतला. त्यांचं तिसरंच. "अरे, 'रंगीला'मध्ये उर्मिलाचे वडील होते ना ते! आम्ही कॉलेजला असताना तीन वेळा बघितला होता." (तीन वेळा कुणासाठी बघितला हे मी विचारलं नाही. आई शेजारीच असणार.)

तीन पिढ्या, एक माणूस आणि प्रत्येकाचं वेगळं नाव. आजीचे अप्पा, वडिलांचे मिलीचे बाबा, आमचे प्रोफेसर. तिघांपैकी कुणालाही त्यांचं खरं नाव पटकन आठवलं नाही, आणि तिघांनाही घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. मला वाटतं, चरित्र अभिनेता म्हणतात तो हाच. हिरोचं नाव लोकांना पाठ असतं. याचा चेहरा लोक स्वतःच्या घरात नेऊन बसवतात.

त्या दिवशी दुपारी लेक्चर बंक करून (एचओडी सर, माफ करा) मी त्यांच्याबद्दल वाचत बसलो. वाचलं ते सांगतो, कारण आपल्याला इथे सतत 'करिअर प्लॅनिंग'ची लेक्चरं ऐकावी लागतात आणि हे आयुष्य त्यातल्या एकाही स्लाईडमध्ये बसत नाही.

जन्म १९३४ चा. मध्य प्रदेशात वाढलेला हा मराठी माणूस. अर्थशास्त्र शिकला. रीवा इथे प्राध्यापकी केली. होय, खरीखुरी प्राध्यापकी! मग सैन्यात गेला आणि १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडला. त्यानंतर इंडियन ऑईलमध्ये नोकरी, जवळजवळ पंचवीस वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९९२ मध्ये, रीतसर निवृत्त. आता गंमत बघा. सिनेमात हे गृहस्थ आले ते चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे नोकरी चालू असताना. १९८० चे 'आक्रोश' आणि 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है', मग १९८३ चा 'अर्धसत्य'. दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया'. पुढे 'तेजाब', 'परिंदा', 'रंगीला', 'वास्तव', 'परिणीता', 'लगे रहो मुन्नाभाई'... सव्वाशेच्या वर चित्रपट! आणि यातल्या जवळपास कुठल्याही पोस्टरवर त्यांचा मोठा फोटो नाही. 'थ्री इडियट्स' आला तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते. म्हणजे ज्या सीनसाठी आख्खा देश त्यांना ओळखतो, तो सीन त्यांच्या वाट्याला पंचाहत्तराव्या वर्षी आला, आणि तोही दोन-चार मिनिटांचा.

एवढं मोठं आयुष्य, आणि आपण ते चार शब्दांत गुंडाळून स्टेटसवर टाकलं. पण इथपर्यंत मला फारसं काही टोचलं नव्हतं. टोचलं ते संध्याकाळी.

संध्याकाळी माझा रूममेट सामान बांधत होता. त्याचा वायडी लागला होता. सेकंड इयरचे विषय राहिले, थर्ड इयरला प्रवेश नाही आणि वायडीवाल्याला हॉस्टेलही नाही, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षं ज्या कॉटवर त्याने काढली त्या कॉटची गादी गुंडाळून ठेवली होती. पत्र्याची ट्रंक, बादली, दोरीने बांधलेली पुस्तकं. तो बाहेर कॉट बेसिसवर खोली बघणार होता. घरी अजून सांगितलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून मोबाईल पुढे केला, "बघ ना, आपले प्रोफेसर गेले."

त्याने फोटो बघितला, खालचं वाक्य वाचलं आणि ट्रंकेला कुलूप लावता लावता म्हणाला, "हे मला एकदा म्हणाले होते. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. त्याने आठवण करून दिली.

फर्स्ट इयर, दुसरा की तिसरा आठवडा. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचं लेक्चर, फ्रिक्शन चालू. माझा रूममेट तालुक्याच्या गावचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण शिकवणं मराठीतूनच. त्याने हात वर केला. उभा राहिला. इंग्रजीत सुरुवात केली, "सर, द नॉर्मल रिॲक्शन... इट इज..." आणि अडकला. मग मराठीत आला, "म्हणजे सर, ते खालून जे वर ढकलतं, ते नेहमी वजनाएवढंच... म्हणजे ते जर तिरकं असेल तर..." आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून, हुबेहूब त्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "अरे, कहना क्या चाहते हो?"

वर्ग फुटला. सरही हसले. आणि मीही हसलो. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. हसता हसता बाकावर हात आपटला होता, हेसुद्धा त्याला आठवत होतं. मला नाही. तो खाली बसला, सर पुढे गेले, लेक्चर संपलं.

आता त्याचा प्रश्न बघा. नॉर्मल रिॲक्शन नेहमी वजनाएवढीच असते का? नसते! सपाट जमिनीवर ठोकळा नुसता ठेवलेला असेल तर असते. उतार आला की ती वजन गुणिले कॉस थीटा होते. ठोकळ्याला दोरी बांधून तिरकं वर ओढलं की ती आणखी कमी होते, तिरकं खाली दाबलं की वाढते. आणि घर्षण या नॉर्मल रिॲक्शनवर अवलंबून असल्याने ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला फ्रिक्शनचा निम्मा चॅप्टर कळला. आख्ख्या वर्गात हा प्रश्न एकट्याला पडला होता. आम्ही बाकीचे सगळीकडे सरळ वजनच टाकत होतो आणि उत्तर चुकलं की कॅल्क्युलेटरला शिव्या देत होतो.

त्यानंतर दोन वर्षांत त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही. मी त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपत होतो आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही.

वायडी काही फक्त त्या एका हशामुळे लागला असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. अभ्यास कमी पडला, मॅथ्स-थ्री ने मारलं, एक महिना कावीळ झाली, बरंच काही झालं. पण "विचारायची सोयच राहिली नाही" हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. न कळलेल्या गोष्टीवर दुसरी न कळलेली गोष्ट रचत गेलं की सेमिस्टरच्या शेवटी काय उरणार? पाठांतर. आणि पाठांतर मॅथ्स-थ्री ला चालत नाही.

त्या रात्री रिकाम्या कॉटकडे बघत मी तो सीन पुन्हा लावला. शंभरदा बघितलेला. पण या वेळी हसण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी बघितला. मित्रांनो, तुम्हीही एकदा तसा बघा.

सुरुवातीला प्रोफेसर विचारतात, मशीन म्हणजे काय. रँचो साध्या भाषेत सांगतो, माणसाचे कष्ट वाचवते ती मशीन. पंखा, टेलिफोन, पँटची चेनसुद्धा! प्रोफेसरांना ते आवडत नाही. चतुर पुस्तकातली लांबलचक व्याख्या धडाधड म्हणतो, प्रोफेसर खूश. रँचोला वर्गाबाहेर काढतात. तो दारातून परत येतो, काहीतरी विसरलेलं असतं. काय विसरला विचारल्यावर तो तसल्याच पुस्तकी भाषेत, एका दमात, 'पुस्तक' या वस्तूची व्याख्या सांगतो. आणि तेव्हा प्रोफेसर हैराण होऊन तो प्रसिद्ध प्रश्न विचारतात.

आपण सगळे त्या क्षणी रँचोच्या बाजूने असतो. बरोबरच आहे. पण मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं, की प्रोफेसरांचा प्रश्न चुकलेला नाहीच! तो जगातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. 'तुला म्हणायचंय काय?' शिक्षकाने विद्यार्थ्याला विचारावा असा याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. त्यांचं चुकलं ते एवढंच, की तो त्यांनी चतुरला विचारला नाही. व्याख्या म्हणून झाल्यावर "शाब्बास" म्हणण्याऐवजी "छान, आता सांग, म्हणायचंय काय तुला?" असं विचारलं असतं तर चतुर दोन मिनिटांत उघडा पडला असता आणि रँचो वर्गातच राहिला असता.

आणि पोतदारांचा चेहरा बघा. ते खलनायक नाहीत. तो माणूस दुष्ट वाटत नाही, दमलेला वाटतो. हे वाक्य वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून झालेल्या माणसाच्या तोंडून येतं तसं येतं. रीव्याच्या वर्गात खऱ्या पोरांपुढे उभं राहिलेला माणूस होता तो, त्यातलं काही त्या चेहऱ्यात उतरलं असेल का, असं मला उगाचच वाटत राहिलं. म्हणून तर तो सीन आपल्याला खोटा वाटत नाही. आपल्या प्रत्येक डिपार्टमेंटला असे एक सर असतातच. (नाव घेत नाही. टर्मवर्क अजून बाकी आहे.)

मग आपण काय केलं? एका चांगल्या प्रश्नाचं आपण हत्यार करून टाकलं. सेमिनारला कुणी अडखळलं, टाक तो डायलॉग. गॅदरिंगच्या ऑडिशनला कुणी गडबडलं, टाक. ग्रुपवर कुणी लांब मेसेज लिहिला, लाव तो फोटो. प्रश्नचिन्ह लावलेलं असलं तरी आपल्या तोंडी त्याचा अर्थ 'गप्प बस' असाच असतो. प्रश्न विचारल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतो ना? आपण थांबत नाही, हसतो.

मी हे रूममध्ये बोललो तेव्हा मित्रांनी मलाच धारेवर धरलं. "आता मस्करीपण करायची नाही का? मग हॉस्टेल कशाला, आश्रम काढा." मुद्दा मान्य आहे. हॉस्टेलमध्ये मस्करी नसेल तर मेसचं जेवण घशाखाली उतरणार नाही. आपण सगळे एकमेकांच्या टोपण नावांवर चार वर्षं काढतो. माझं म्हणणं मस्करी बंद करा असं अजिबात नाही. फक्त एक फरक करा. भाव खाणाऱ्याची मस्करी करा, अडकलेल्याची नको. पाठ केलेली व्याख्या तोंडावर फेकणाऱ्याला खुशाल विचारा, 'कहना क्या चाहते हो?' तिथे तो डायलॉग अगदी चपखल बसतो, पिक्चरमध्येही तो तसल्याच भाषेला उद्देशून आहे. पण जो मोडक्यातोडक्या भाषेत खरंच काहीतरी विचारतोय त्याला ते म्हणणं म्हणजे तो सीन उलटा करणं आहे. आपण रँचोच्या नावाने टाळ्या वाजवतो आणि वागतो मात्र त्या वर्गासारखं.

आता थोडं सरांना आणि मॅडमना. हे पान तुम्हीही वाचता, म्हणून धीर करून लिहितो.

सेकंड इयरला माझी थिअरी ऑफ मशीन्सची ओरल होती. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, डेड सेंटर म्हणजे काय? मी व्याख्या म्हणालो, अगदी चतुरसारखी. ते म्हणाले, "बरं. म्हणजे काय?" मी तीच व्याख्या पुन्हा म्हणालो, जरा जोरात. ते हसले नाहीत. म्हणाले, "घरी शिलाई मशीन आहे का? पायाची?" आहे. आई ब्लाऊज शिवते. "मग आई मशीन सुरू करताना आधी काय करते?"

आणि मला आठवलं. लहानपणी मी त्या मशीनवर बसायचो, पायटा दाबायचो आणि मशीन जागची हलायची नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, आधी चाकाला हात लाव!" पायटा वर-खाली होतो, दांड्याने चाक फिरतं. पण दांडा आणि क्रँक एका सरळ रेषेत आले की कितीही दाबा, चाक फिरत नाही. तेच डेड सेंटर. हाताने चाकाला जरा ढकललं की ती जागा ओलांडली जाते आणि मग जड चाकाचा वेगच पुढच्या वेळी ती जागा पार करून देतो. मी हे सगळं मराठीत सांगितलं, हातवारे करून. सर म्हणाले, "हे तुला माहीत होतं. मग ते दुसरं काय म्हणत होतास?"

त्यांनीही तोच प्रश्न विचारला होता. 'म्हणायचंय काय तुला?' पण विचारून ते थांबले होते. उत्तर येईपर्यंत थांबले होते. एवढाच फरक.

मला माहीत आहे, वर्गात सत्तर पोरं, पोर्शन संपवायचा, वर ॲक्रेडिटेशनच्या फायली. प्रत्येकासाठी थांबायला वेळ कुठून आणणार? २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, पण माझी मागणी तेवढी मोठी नाही. आमचं इंग्रजी सुधारलंच पाहिजे, नोकरी त्यावरच मिळणार आहे, हे आम्हालाही कळतं. मागणी दोनच. एक, डाऊट आणि ओरल यांत पोराला आधी त्याच्या भाषेत बोलू द्या, मग तेच इंग्रजीत म्हणायला लावा. दोन, वर्ग हसला तर तुम्ही हसू नका. तुम्ही हसला नाहीत तर वर्ग दहा सेकंदांत गप्प होतो. आणि तुम्ही हसलात, की तो पोरगा चार वर्षं गप्प होतो.

राहता राहिला माझा रूममेट. त्या संध्याकाळी मी त्याला मोठ्या उत्साहात पोतदारांची गोष्ट सांगितली. चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात, सव्वाशे सिनेमे, पंचाहत्तरीत गाजलेला सीन. म्हटलं, एक वर्ष म्हणजे काय चीज आहे! तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्याकडे कंपनीची नोकरी होती. माझ्याकडे डिग्रीपण नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं बरोबर होतं. यशस्वी माणसांच्या गोष्टी नापास झालेल्याला सांगणं सोपं असतं, त्याला त्या ऐकाव्या लागतात. पोतदारांनी काही नोकरीवर लाथ मारून मुंबई गाठली नाही. डॉ. श्रीराम लागूंनी सर्जनची प्रॅक्टिस सोडून १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नाटक धरलं. तो एक रस्ता. पोतदारांचा दुसरा. त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरीही केली आणि कामंही केली. त्यात थरार नाही, पिक्चर काढण्यासारखं काही नाही. रोज ऑफिस, आणि मिळेल तो छोटा रोल. पण मला त्यातून दिलासा मिळतो तो वेगळाच. त्या माणसाने छोट्या रोलला छोटं मानलं नाही. दोन मिनिटं मिळाली तर दोन मिनिटं नीट केली. आणि आपल्याला इथे एकविसाव्या वर्षी सांगतात, की प्लेसमेंट वीकमध्ये झालं तर झालं, नाहीतर संपलं. कुणाचं काय संपलं? चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत ज्याचा एक सिनेमा नव्हता त्याच्यासाठी आज माझी आजी रडते.

हे सगळं मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. एकच केलं. ट्रंक उचलायला हात लावला आणि विचारलं, "त्या दिवशी तुला नक्की काय विचारायचं होतं?"

तो आधी नको म्हणाला. मग ट्रंकेवरच बसला, पाठकोऱ्या कागदावर उतार काढला, त्यावर ठोकळा काढला आणि बोलायला लागला. मराठीत. मध्येच इंग्रजी. अडखळत. मेसची वेळ टळून गेली तरी आम्ही तिथेच होतो. त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्याने स्वतःच काढलं, मी फक्त थांबलो होतो. आणि खरं सांगतो, दोन वर्षं फ्रिक्शनचे मार्क मिळवून पास झालेल्या मला नॉर्मल रिॲक्शन त्या रात्री कळली.

आता तो बाहेर कॉट बेसिसवर राहतो. घरी त्याने नंतर सांगितलं, वडील आठ दिवस बोलले नाहीत, मग पैसे पाठवले. दर रविवारी तो आमच्या रूमवर येतो. रेक्टर सरांना माहीत आहे, ते बघून न बघितल्यासारखं करतात, त्यांचे आभार. राहिलेले विषय त्याने पुन्हा दिलेत. काय होईल माहीत नाही. पास झाला तर छानच, नाही झाला तर पुन्हा बसू.

मी ते स्टेटस मात्र त्याच रात्री काढून टाकलं. पोतदारांचा राग म्हणून नव्हे, उलट त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी. त्यांचा प्रश्न मी जपून ठेवलाय. रविवारी तो आला, पुस्तक उघडलं आणि एखाद्या ठिकाणी अडकला, की मी विचारतो, "हं, बोल. काय म्हणायचंय तुला?"

आणि मग थांबतो.

- एक हॉस्टेलाईट, टी. ई. मेकॅनिकल